स्वतःच्याच पगारावर ठेवलेला माणूस

रविराजला बसवत नव्हतं. लोखंडी स्टुलावर टेकायचा, उठायचा, शेडच्या दारापर्यंत जायचा, आभाळाकडं बघायचा, परत येऊन टेकायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या शेडमध्ये बारा माणसं लेथवर आणि ग्राइंडरवर राबत होती. तेरावा हा. हुद्दा सुपरवायझर. काम एवढंच, की सकाळी साडेसहा ते दुपारी तीन इथं हजर दिसायचं.

बाहेर फेब्रुवारीचं ऊन डोकं वर काढत होतं आणि तिकडं येळ्ळूरच्या शिवारात त्याची दीड एकर मसूर पिकून उभी होती. मसुरीचं वागणं मोठं तऱ्हेवाईक. भात काढल्यावर त्याच काळ्या रानात ओलीवर पेरली की पाणी मागत नाही, लाड मागत नाही, पण पिकली की एक दिवस थांबत नाही. ती सकाळच्या दवात उपटावी लागते. दव आहे तोवर शेंग मऊ असते. आठ-साडेआठचं ऊन लागलं की शेंग वाळून कडक होते, मग नुसता पदर लागला तरी तडकते आणि दाणा भुईच्या भेगेत जातो. भेगेत गेलेला दाणा कुणाच्या बापाला वेचता येत नाही.

आई बायका घेऊन रानात जात होती, पण मजुरीच्या बायका सातशिवाय येत नाहीत. तासा-दीड तासात किती ओळी होणार? रविराज स्वतः असता तर फटफटायलाच रानात उतरला असता. तो इथं स्टुलावर बसून कानानं मसूर तडकताना ऐकत होता. तीन दिवस झाले होते असे.

आणि हे सगळं कशापायी, तर एका शब्दापायी.

रविराज तेहेतीस वर्षांचा. वडील सुबराव सहा वर्षांपूर्वी गेले. घरात आई मालुबाई आणि ऐंशी ओलांडलेला आजा भावकू. तीन एकर रान. पावसाळ्यात बासमती, त्यामागं मसूर, विहिरीच्या अंगाला कोबी, गाजर, बीन्स. स्वतःचा छोटा टेम्पो. मार्केटात तो दलालाशी कन्नडमध्ये भांडतो, मराठीत शिव्या देतो आणि हिंदीत मिटवून घरी येतो. कुणाचं देणं नाही, कुणापुढं हात नाही. वर्षाचं धरलं तर गावातल्या नोकरीच्या पोरांपेक्षा चार पैसे त्याच्याकडं जास्तच राहतात.

तरी सात स्थळं मोडली. सातही ठिकाणी एकच गाणं.

"पोरगा काय करतो?"

"शेती हाय, भाजीपाला हाय, टेम्पो हाय."

"ते झालं हो. पगार किती?"

त्या सातांतली एक मुलगी हुबळीला मोबाइलच्या दुकानात अकरा हजारावर असलेल्या पोराला दिली. गाजराचा हंगाम चांगला लागला तर तेवढे रविराज आठवड्यात काढतो. पण गाजराला एक तारीख नसते. मुलीच्या बापाला एक तारीख हवी असते. रविराज हे कळण्याइतका शहाणा होता आणि ते ऐकून घेण्याइतका थंड नव्हता. सातव्या ठिकाणी तो चहाचा कप तसाच ठेवून उठला होता. "पगार पायजे तर पगाराशी लगीन लावा, माणूस कशाला बघायला लागलाय?" असं दारातून म्हणाला होता. ते वाक्य अख्ख्या पंचक्रोशीत फिरलं. त्यानंतर आठ महिने त्याच्या दाराकडं कुणी मध्यस्थ फिरकला नाही.

आठवं स्थळ गुंजी गावचं. मुलगी सुवर्णा, खानापुरातल्या एका खाजगी शाळेत शिकवते. बघायच्या कार्यक्रमात मुली खाली मान घालून बसतात, हिनं सगळ्यांसमोर त्यालाच विचारलं, "कोबीवर औषध मारता?"

"मारतो," रविराज म्हणाला. "न मारता येत न्हाय. पण काढायच्या आधी पंधरा दिवस बंद करतो. घरात पण तोच खातो आम्ही."

ती हसली नाही, पण नीट बघितलं तिनं.  हे स्थळ जाऊ द्यायचं नाही, असं रविराजनं तिथल्या तिथं ठरवलं. आणि नेमकं तेव्हाच सुवर्णाच्या मामांनी घसा साफ केला. मामांचं नाव मष्णू. तीस वर्षं एसटीत कंडक्टर, आता निवृत्त, खिशाला अजून दोन पेनं. मुलीचा बाप आजारी, सगळा कारभार मामांच्या हाती.

"शेती हाय ते बरं हाय," मामा म्हणाले. "पगार काय?"

रविराजनं तोंड उघडलंच होतं. त्याच्या शेजारी बसलेला आतेभाऊ यल्लाप्पा त्याच्या आधी बोलला. यल्लाप्पाला आठवलं असणार, सातव्या ठिकाणी काय झालं ते. "पगार हाय की मामा! माझ्याच शेडात सुपरवायझर हाय तो. पंचवीस हजार."

रविराज गप्प बसला. खोटं यल्लाप्पाच्या तोंडातून आलं होतं, पण गप्प हा बसला होता. ते पुढं त्याला कधी विसरता आलं नाही.

"मग तीन महिन्यांच्या स्लिपा दाखवा," मामा म्हणाले, "आणि मग यादी करू." यादी म्हणजे लग्न ठरल्याचा कागद. दोन्हीकडची पाच माणसं बसतात, हळदकुंकू लावून सगळं लिहितात आणि सह्या करतात. एकदा यादी झाली की मागं फिरता येत नाही. पाहुणे उठताना मामांनी आणखी एक अट घातली. "आणि मी एक दिवस सकाळच्या पाळीला येऊन बघणार हं. नोकरीचा माणूस सकाळीच कळतो."

आता स्लिप आणायची कुठून? यल्लाप्पानं सांगितलं, "सोपं हाय. तू मला पैसे दे, मी तुझ्या खात्यात पगार म्हणून घालतो. बँकेत दिसलं पायजे न्हवं?" मग म्हणाला, स्लिपवर पीएफ कापलेला दिसला पाहिजे, नाहीतर कंडक्टर लगेच ओळखेल. मग म्हणाला, पीएफमध्ये मालकाचा हिस्सा असतो, तो मी का भरू, तोही तूच दे. वर व्यवसाय कराचे सरकारला दोनशे. असं करत रविराज महिन्याला अठ्ठावीस हजार देऊन एकवीस हजार आठशे घेऊ लागला. येळ्ळूरच्या इतिहासात पैसे भरून नोकरी करणारा हा पहिला माणूस असावा.

पहिली स्लिप आली तेव्हा मालुबाईनं ती देवापुढं ठेवली. सगळं ठाऊक असून ठेवली. "कागद तर पगाराचा हाय न्हवं," म्हणाली. भावकू आजा उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. तो खदखदून हसला.

"आजा, हसायला काय झालं?" रविराज चिडला.

"पगार घावला म्हणं तुला. दिला कुणी?"

"मीच."

"मग त्यो पगार न्हवं लेका. तू शब्दाचीच हजामत केलीस."

आणि मग आज्यानं गोव्याची गोष्ट सांगितली. घरात ती शंभरदा सांगून झाली होती, पण रविराजनं नीट ऐकली ती त्या दिवशी. गोवा सुटायच्या आधी तीन-चार वर्षं, मिसरूड फुटायच्या वयात, भावकू जंगलातल्या चोरवाटेनं घाट उतरून खाणीवर कामाला गेला होता. दर शनिवारी टोपीवाला कारकून टेबल टाकून बसायचा आणि ओरडायचा, "पगार!" रांगेत एक वसईकडचा म्हातारा ख्रिस्ती होता, त्याला पोर्तुगिजांची भाषा यायची. त्याला भावकूनं विचारलं, पगार म्हणजे काय? म्हातारा म्हणाला, पगार म्हणजे देणं. चुकतं करणं. एवढंच.

"म्हंजे बघ," आजा बोटं उडवत म्हणाला, "मी आठवडाभर दगड फोडला त्याचं नाव न्हाय त्यात. मी मिळवलं त्याचं न्हाय. त्यानं दिलं, म्हणून त्यो पगार. हाताखालच्या माणसाला वरच्यानं दिलेलं. आमचा बाप रान पिकवायचा, त्याच्या तोंडात ह्यो शब्दच नव्हता. त्यो म्हणायचा उत्पन्न. औंदा उत्पन्न बरं हाय. रानातनं वर आलेलं, ते उत्पन्न."

आज्याला शाळा ठाऊक नाही, पण यात एक अक्षर चुकीचं नाही. पोर्तुगिजांच्या भाषेत 'पागार' म्हणजे पैसे देणं, भागवणं. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरला तो शब्द, घाट चढला आणि आपल्या घरात असा शिरला की आता तो आपल्याच पोटचा वाटतो. त्याच्या मागं आणखी जुनी लॅटिन मुळं आहेत म्हणतात, आणि तिथं त्याचा अर्थ शांत करणं असा निघतो. ज्याचं येणं आहे तो दारात ओरडतो, त्याला देऊन गप्प करायचं. उलट उत्पन्न म्हणजे वर आलेलं, उगवलेलं. त्यात देणारा कुणी नसतो. रान असतं, राबणारा असतो. आणि आमच्या सीमाभागाची गंमत अशी, की पाटी मराठी की कन्नड यावर डोकी फुटतात, कचेरीत अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा यावर पिढ्या गेल्या. पण महिन्याच्या एक तारखेला मराठीवालाही पगार म्हणतो आणि कन्नडवालाही पगारच म्हणतो. त्या शब्दावरून कधी मोर्चा निघालेला मी ऐकला नाही. तो दोघांचाही नाही ना!

तर अशा परदेशी शब्दासाठी, तिन्ही स्लिपा मामांना पोचवून, त्यांच्या फेरीची वाट बघत रविराज त्या सकाळी स्टुलावर बसला होता, आणि साडेसहाचे सात झाले, सातचे सव्वासात. आईचा फोन आला. मागं बायकांचा गलका.

"रवी, खालच्या पट्टीत शेंगा उघडायला लागल्यात रं. आज झालं न्हाय तर गेलं."

"मामा आज येतील म्हणाल्यात."

"काल पण येतील म्हणालतास. परवा पण."

तो उठला. यल्लाप्पा ग्राइंडरच्या आवाजावरून ओरडला, "ए, कुठं चाललास? ते म्हातारं आज नक्की येणार, मला फोन आलता!"

"येऊ दे."

"अरे तीन महिनं काढलास, आता एक दिवस..."

"यल्लाप्पा," रविराज गाडीला किक मारत म्हणाला, "एकाच मालकाकडं नोकरी करायची म्हटली तर माझं रान माझं मालक हाय. तिकडं खाडा पडायलाय."

साडेसातला तो रानात होता. चप्पल बांधावर, विजार गुडघ्यापर्यंत. त्यानं तीन बायकांचं काम एकट्यानं धरलं. मुळासकट उपटायची, माती झटकायची नाही, हळूच आडवी ठेवायची, पेंडीवर ओलं पोतं. तीन दिवसांची तडफड हातातून बाहेर पडत होती. मालुबाई शेजारच्या ओळीत होती, तिचा वेग वाढला.

साडेआठला बांधावर रिक्षा थांबली. आत मष्णू मामा.

"काय सुपरवायझर सायेब," मामा उतरत म्हणाले, "पाळी सुटली व्हय?"

बायकांचे हात थांबले. रविराज दोन्ही हातांत मसुरीचे जुडे घेऊन उभा राहिला. "या मामा. सावलीला बसा."

"बसायला न्हाय आलो. शेडात गेलतो. यल्लाप्पा म्हणतो, जेवायला गेलाय. आठ वाजता कोण जेवतं रं?"

एक बाई फिसकन हसली. रविराजला ती लपवाछपवी तिथं, मातीनं भरलेल्या पायांनी, चालवणं शक्यच नव्हतं. "मी तिथं कामाला न्हाय मामा. कधीच नव्हतो. पगार माझाच हाय. मीच अठ्ठावीस देतो आणि मीच एकवीस घेतो."

 मामांच्यातला कंडक्टर बोलला. "तीस वर्षं गाडीवर काढली. फुकटे लई बघितले. दोनदा तिकीट काढून बसणारा तू पहिलाच."

आता सगळ्याच बायका हसल्या, मालुबाईसुद्धा. रविराज हसला नाही. त्याचा पारा चढला. "मग काय करायचं मामा? हे दिसत न्हाय व्हय तुम्हाला? कागद दिसतो, रान दिसत न्हाय?"

"रान दिसतं रं. पण रानावर गारा पडतात, ते पण दिसतं." मामांचाही आवाज चढला. "माझ्या भावजीची, पोरीच्या बापाची, फॅक्टरी बंद पडली. अकरा वर्षं माझ्या बहिणीनं कशी काढली ते मी बघितलंय. पोरीच्या वाट्याला ते नको म्हणून स्लिपा मागितल्या. मी येडा हाय व्हय?"

"ती फॅक्टरी पगाराचीच होती न्हवं?"

 मामांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. मग रिक्षात बसता बसता म्हणाले, "ते काय पण असू दे. तू लबाड बोललास. स्थळ मोडलं म्हणून समज."

रिक्षा गेली. ऊन लागलं होतं. खालच्या पट्टीत चार ओळी राहिल्या त्या राहिल्याच, दिवसभर रविराज बांधावर बसून त्या तडकताना बघत होता असं मालुबाई पुढं सगळ्यांना सांगायची. ते खरं नाही. तो बसला नव्हता. तो टेम्पो घेऊन मार्केटात गेला, दलालाशी विनाकारण भांडला, परत आला, विहिरीची मोटर खोलली, जोडली, परत खोलली.

चौथ्या दिवशी दुपारी सुवर्णाचा फोन आला.

"मामा म्हणाले ते खरं?"

"खरं."

"तीन महिने?"

"व्हय."

तिकडं शाळेची मधली सुट्टी असावी, पोरांचा कालवा येत होता. "आमच्या शाळेत मी पंधरा हजारावर सही करते," सुवर्णा म्हणाली. "हातात नऊ देतात. सगळ्यांनाच तसं. दर महिन्याला सही करताना मान खाली जाते माझी. मला नाइलाजानं करावं लागतं ते तुम्ही हौसेनं केलंत."

"हौसेनं न्हाय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी केलंत तर मला विचारायचं होतं." मग तिनंच विचारलं, "मसुरीचं खळं कधी हाय?"

"रविवारी."

"येते मी. बघायला. मागच्या वेळी तुम्ही आलात, आता मी येते."

रविवारी सुवर्णा खरंच आली, एकटी, देसूर स्टेशनावर उतरून. मामांना सांगून आली होती. मामा म्हणे दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गाडीचा टाइम त्यांनीच बघून दिला. येळ्ळूरच्या गल्लीत चार खिडक्या उघडल्या. तिनं कशाकडं लक्ष दिलं नाही. ओढणी डोक्याला गुंडाळली आणि खळ्यावर बडवायला उभी राहिली. पहिल्या अर्ध्या तासात तिच्या डोळ्यांत भुसा गेला, हाताला फोड आला. भावकू आजा खाटेवरून सांगत होता, "बाय, काठी सोडून मार, दाबू नको. त्यो दाणा हाय, चोर न्हवं."

दुपारनंतर वारं दिलं. ढीग दिसू लागला. गेल्या सालापेक्षा थोडा कमीच, चार ओळींची किंमत त्यात दिसत होती. तरी रविराजला वाटलं, आता ती बघतेय. आता तिला कळेल. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "हे हाय बघा माझं उत्पन्न. कुणी दिलेलं न्हाय."

"चांगलं हाय," सुवर्णा म्हणाली. "लग्न झाल्यावर माझ्या शाळेचं काय?"

"सोडायची की. नऊ हजारासाठी खोटी सही कशाला करायची? इथं राबलीस तर नऊ हजार ह्या रानातनं सहज निघतील."

"बरं. मग त्यातलं माझं किती?"

"तुझं म्हंजे?"

"मी राबले तर माझं किती?"

रविराज हसला, कारण प्रश्न त्याला खरोखर खुळा वाटला. "घरच्या माणसाला कोण पगार देतं व्हय?"

  सुवर्णानं वळून मालुबाईला विचारलं, "मावशी, तुम्हाला किती मिळतं?"

मालुबाई सूप पाखडत होती. "मला? मला काय मिळायचं बाय. मी घरचीच." आणि सूप पाखडत राहिली.

सुवर्णानं ओढणी सोडली, झटकली, आणि पिशवी उचलली. "माझी गाडी हाय," म्हणाली. रविराजनं मोटरसायकल काढली आणि तिला मागं बसवून देसूरला निघाला.  स्टेशनात पॅसेंजरला अजून वेळ होता. तो फलाटावर येरझाऱ्या घालू लागला. ती बाकावर बसून त्याला बघत होती.

शेवटी तोच फुटला. "उत्पन्न सगळ्यांचंच असतंय. घरात तुझं-माझं कोण करतं?"

"उताऱ्यावर नाव कुणाचं?"

"माझं. आज्याचं."

"बँकेत?"

"माझं."

"दलाल विक्रीची पट्टी कुणाच्या नावानं करतो?"

"माझ्याच की. मीच जातो न्हवं मार्केटाला!"

"मग तुम्ही मालक झालात. यल्लाप्पासारखे."

हे त्याला लागलं. कुणी शेतकरी म्हणून हिणवलं असतं तर त्यानं जागच्या जागी फाडलं असतं. मालक म्हटल्यावर तो फलाटाच्या टोकापर्यंत गेला, सिग्नलकडं बघितलं, परत आला. सात ठिकाणी त्याला विचारलं होतं पगार किती, आणि सात ठिकाणी त्याला वाटलं होतं की ह्यांना काम दिसत नाही, राबणं दिसत नाही. आता त्याच्या डोळ्यापुढं आईचं सूप होतं. फटफटायच्या आधी उठणारी, दवात वाकणारी, मजुरीच्या बायका गेल्यावर उरलेलं ओढणारी. आजा म्हणतो रानातनं वर आलं ते उत्पन्न. वर काढलं कुणी?

त्याला राग आला होता, पण कुणावर ते ठरेना.

लांबून गाडीचा आवाज आला. सुवर्णा उठली. तो घाईघाईनं तिच्यासमोर उभा राहिला आणि भांडल्यासारखं बोलला. "आईला हजेरी देतो, रोजची मजुरी. उद्यापासनं. तू आलीस तर तुला पण. आणि शाळा सोडायची का न्हाय ते तुझं तू बघ, मी त्यात पडत न्हाय."

"मला नका सांगू. मावशींना सांगा." ती डब्याच्या पायरीवर चढली. "त्या काय म्हणतात ते मला कळवा. मग मामांचं मी बघते."

"आणि यादी?"

"आधी मावशी," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

तो घरी आला तेव्हा दिवस कलला होता. मालुबाई खळ्यावरच होती, भुशातले उरलेले दाणे निवडत. आजा खाटेवर. रविराज गाडीवरून उतरला नाही तोच बोलला, कारण उतरून, बसून, पाणी पिऊन बोलायला गेलो तर बोलवणार नाही हे त्याला माहीत होतं.

"आई, उद्यापासनं तुला हजेरी. बायकांला देतो तशी."

मालुबाईनं मान वर केली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग त्याचं तोंड बघून कळलं की नाही. तिनं हात झटकले, पदरानं तोंड पुसलं. आजा तंबाखू मळायचा थांबला.

"बायकांला किती देतोस?"

"साडेतीनशे."

"त्या सातला येतात," मालुबाई म्हणाली. "मी पाचला. त्या दुपारनं जातात, मी दिवा लागल्यावर. भाकरी माझ्याकडं, म्हस माझ्याकडं, आज्याचं सगळं माझ्याकडं. साडेतीनशेत मी न्हाय येत."

रविराजला वाटलं होतं ती नको म्हणेल. डोळ्यांत पाणी आणेल, राहू दे रं म्हणेल, आणि विषय मिटेल. त्यानं तेवढीच तयारी केली होती.

"मग किती?" तो म्हणाला.

"ते तू सांग. दलालाशी तासभर भांडतोस की एकेका रुपयाला. भांड माझ्याशी." ती परत दाण्यांकडं वळली. तिचा आवाज थट्टेचा होता, पण हात चालत नव्हते. "माझं पस्तीस वर्षांत कुणी इचारलं न्हाय, तुझ्या बापानं पण न्हाय. त्या पोरीनं आज अर्धा दिवस काठी मारली आणि इचारलं."

आजा खाटेवरून म्हणाला, "मालू, हजार सांग. खाली उतरायला जागा ठेव."

"मामंजी, तुम्ही गप्प बसा. तुमची सेवा ह्यातच धरल्याय."

रविराज गाडीवरून उतरला, दोन पावलं गेला, परत आला. रकमेचा आकडा त्याच्या ओठांवर येत होता आणि मागं जात होता. दरवेळी तो कमी वाटत होता, आणि दरवेळी वाढवला की महिन्याचा हिशोब आठवत होता.

मालुबाईनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "तिला फोन लाव. म्हणावं, सासू कामाला तयार हाय. मालकाचं अजून जमंना झालंय."

त्यानं फोन काढला, नंबर लावला, कानाला लावला. रिंग जात होती तेवढ्यात तो खळ्याला दोन फेऱ्या मारून आला.